आदल्या रात्रीची तयारी

भाताची सुगी आटोपत आली, मळणी उरकून पोती घरात पडली, की आपल्या धर्मग्रामातील तरुणांच्या पायांना भिंगरी लागते. यंदाही तसेच झाले. गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर युवक संघाची पाच-सहा मुलेमुली माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. "फादर, यंदा डोंगरावर जायचे ना?" त्यांना "बघू" म्हणून वाटेला लावतो न लावतो तोच दोन माता आत आल्या. "फादर, काय वाटेल ते करा, पण यंदा तो डोंगर नको. त्या वर्षीची रात्र आम्ही अजून विसरलो नाही."

दोन्ही बाजूंचे म्हणणे मी ऐकून घेतले. आता माझे मत याच पानावर मांडतो. शेती आणि आरोग्य या दोहोंशी या विषयाचा संबंध आहे, तो कसा ते पुढे दिसेलच.

ज्या रात्रीची आठवण त्या मातांनी काढली, ती चार वर्षांपूर्वीची. सप्टेंबरचा शेवटचा रविवार होता. सतरा मुलेमुली आणि मी असे अठरा जण कणकुंबीच्या अंगाला, अभयारण्याबाहेरच्या एका डोंगरावर निघालो. मिस्सा झाला, न्याहारी झाली, कुणाची बाटली राहिली, कुणाचा भाऊ यायचा होता. निघता निघता साडेदहा वाजले. चढताना वाटेतला ओढा घोट्याएवढा होता. मुले त्यात पाय बुडवून हसत पलीकडे गेली. वर सड्यावर रानफुलांचा गालिचा पसरला होता, तेथून कोणाचा पाय निघेना. तीन वाजता डोंगरमाथ्यावर काळे ढग उतरले आणि तासभर मुसळधार पाऊस कोसळला. परत येतो तर तोच ओढा मांडीच्या वर चढून लाल पाण्याने धावत होता. त्याआधीच एका मुलाचा पाय शेवाळलेल्या दगडावरून घसरून मुरगळला होता. त्याच्या पायांत रबरी चपला होत्या. आम्हा अठरा जणांत बॅटरी एक, तीही मिणमिणती. मोबाईलला रेंज नाही. आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे आम्ही नेमके कोणत्या डोंगरावर गेलो आहोत हे गावात एकालाही मी सांगितले नव्हते. "डोंगरावर जाऊन येतो" एवढेच सर्वांना ठाऊक होते.

भिजलेल्या मुलांना कवटाळून आम्ही अलीकडच्या काठावर बसून राहिलो. रात्री नऊच्या सुमारास पलीकडे उजेड हलताना दिसला. पायथ्याच्या शेतात राहणारे एक वयस्कर शेतकरी चार गड्यांना घेऊन, दोरखंड आणि कंदील घेऊन आले होते. सकाळी अकरा वाजता आम्ही त्यांच्या बांधावरून गेल्याचे त्यांनी पाहिले होते. दिवेलागण झाली तरी परतलो नाही, म्हणून ते आपणहून निघाले. पाणी ओसरेपर्यंत त्यांनी आम्हाला जागचे हलू दिले नाही. दहानंतर दोर बांधून एकेकाला पार केले. पाय मुरगळलेल्या मुलाला एका गड्याने पाठीवर घेतले. देवकृपेने सगळे घरी पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी मी आभार मानायला त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "फादर, रागावू नका, पण एक सांगतो. औताला जायच्या आदल्या रात्री आम्ही फाळ बघतो, जू बघतो, दोर बघतो, मगच झोपतो. सकाळी शेतात जाऊन दोर तुटला तर दिवस वाया जातो. तुम्ही तर लोकांची पोरे घेऊन गेला होता. तुमचे औत आदल्या रात्री कुणी बघितले होते?"

मला उत्तर देता आले नाही. चूक ओढ्याची नव्हती, पावसाची नव्हती. चूक माझी होती. त्या मातांची मी तेव्हाही क्षमा मागितली होती, आज पुन्हा मागतो.

मग त्यांचे म्हणणे मान्य करून डोंगराचा नाद सोडायचा काय? मला तसे वाटत नाही. विहिरीत कोणी पडले म्हणून आपण विहीर बुजवत नाही, कठडा बांधतो. बंदीचा उपाय सोपा दिसतो, पण तो टिकत नाही. जुलै २०२३ मध्ये गोव्यात नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोन जण बुडाले, तेव्हा वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास मनाई केली. त्याच महिन्यात दूधसागर पाहण्यासाठी रुळांवरून चालत निघालेल्या गर्दीला रेल्वे पोलिसांनी अडवले, काहींना उठाबशाही काढायला लावल्या. तरीही पुढच्या वर्षी, ७ जुलै २०२४ रोजी, सत्तरी तालुक्यातील पाली धबधब्यावर गेलेली सुमारे ८० माणसे नदीला पूर आल्याने पलीकडे अडकली आणि पोलीस व अग्निशामक दलाला त्यांची सुटका करावी लागली. आपण मुलांना "नको" म्हटले तर ती घरी न सांगता जातील, आणि न सांगता जाणे हाच सर्वांत मोठा धोका आहे.

दुसरेही एक कारण आहे. आपण शेतकरी, डोंगर आपल्या दाराशी आहे. आपल्या आजोबांना कोणत्या झऱ्याला मे महिन्यातही पाणी असते, कोणत्या झाडाचे फळ खावे, गवा समोर आला तर कोणत्या बाजूने वळावे हे सारे माहीत होते. आज आपली मुले बेळगावात किंवा पणजीत शिकतात, सुट्टीला घरी येतात आणि मोबाईलच्या पडद्यावर डोंगर पाहतात. मलप्रभा आपल्या कणकुंबीत उगम पावते, म्हादई याच खानापूरच्या रानातून गोव्यात उतरते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले असते. ते पाणी हातात घेतलेले नसते. चालल्याने छाती मोकळी होते, साखर व रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, हे डॉक्टर सांगतातच. पण त्याहून मोठा लाभ असा की ज्याने डोंगर पायांनी पाहिला, तो त्या डोंगराला सहजासहजी वणवा लागू देत नाही.

तेव्हा प्रश्न "जावे की न जावे" हा नाही. प्रश्न आहे आदल्या रात्रीच्या तयारीचा. आणि येथे आपणा शेतकऱ्यांचा एक गैरसमज आड येतो. "तयारी शहरातल्यांनी करावी, आपल्याला डोंगर काय नवा?" असे आपण म्हणतो. खरे पाहता शहरातला माणूस घाबरून तरी बूट, पाणी, दोर घेऊन येतो. आपला मुलगा चपला घालून, खिशात मोबाईल टाकून निघतो. डोंगर आपल्या ओळखीचा आहे खरा, पण आपल्या वडिलांच्या ओळखीचा, मुलाच्या नव्हे. ओळख वारसाहक्काने मिळत नाही, सातबारासारखी नावावर चढत नाही. ती पायांनीच मिळवावी लागते.

तयारीतली पहिली गोष्ट वेळेचा हिशोब. स्कॉटलंडमधील विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम घालून दिला, तो आजही जगभर वापरतात. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. समजा, जाऊन-येऊन बारा किलोमीटरची वाट आहे आणि चढ सहाशे मीटरचा. हिशोब साडेतीन तासांच्या आसपास येतो. पण हा हिशोब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. मुले बरोबर असतील, जेवण-विसावा असेल, तर आपण तो दुप्पट धरावा, म्हणजे सात तास. नोव्हेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी सातला निघालो तर दोनला परत येतो आणि काही बिघडलेच तर उजेडाचे चार तास हाताशी राहतात. आम्ही त्या दिवशी साडेदहाला निघालो होतो. हा हिशोब मी आदल्या रात्री कागदावर मांडला असता, तर पुढचे काही घडले नसते.

दुसरी गोष्ट पाण्याची, तीही दोन प्रकारच्या. वरून वाहणाऱ्या पाण्याला भ्यावे. पाऊस माथ्यावर पडतो आणि पूर खाली येतो. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही ओढा फुगू शकतो. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, वरच्या अंगाला घरघर ऐकू आली, की एक क्षणही न दवडता पात्रातून बाहेर पडून उंचावर जावे. वाहते पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नये, थांबावे. डोंगरातला ओढा जसा झरकन चढतो तसा पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतोही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाढत्या प्रवाहात वाहून गेले, त्यांत लहान मुले होती. ते दृश्य आपण मोबाईलवर पाहिले आणि हळहळलो. पण नुसते हळहळून काय उपयोग? म्हणून माझे स्पष्ट मत आहे की जून ते सप्टेंबर या महिन्यांत मुलांना घेऊन ओढा ओलांडावा लागेल अशा वाटेला जाऊच नये.

पिण्याचे पाणी मात्र भरपूर न्यावे. चढावर माणशी तासाला अर्धा लिटर तरी लागते, म्हणजे दिवसाच्या चालीला तीन लिटर. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की घरगुती जीवनजल तयार होते. चमचा चहाचा घ्यावा. खाण्याला नाचणीची भाकरी, चटणी, गूळ आणि भाजलेले शेंगदाणे यांसारखे दुसरे काही नाही.

तिसरी गोष्ट पायांची आणि अंगावरच्या कपड्यांची. चपला नकोत, आणि त्याच दिवशी नवे कोरे बूटही नकोत. नव्या बुटांनी फोड येतात. ज्या बुटांनी पंधरा दिवस शेतावर ये-जा केली आहे, तेच घालावेत. लांब बाह्यांचा सदरा, लांब विजार आणि विजारीची टोके मोज्यांत खोचलेली असावीत. याचे कारण केवळ काटेकुटे नाही.

कारण आहे गोचीड. माकडताप हा रोग आपल्या भागाला आता परका राहिलेला नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला. २०१५ पासून सत्तरीत आणि २०१६ पासून दोडामार्ग तालुक्यात त्याने माणसे दगावली आहेत. त्याचा विषाणू रानातल्या गोचिडांतून माणसाच्या अंगात शिरतो. डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य काळ, म्हणजे काजूच्या आणि लाकूडफाट्याच्या दिवसांतच. त्यामुळे हे सहलीला जाणाऱ्याइतकेच रानात गुरे नेणाऱ्यालाही लागू आहे. रानात जाण्यापूर्वी आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल हातापायांना लावावे. पाचोळ्यावर बसू-लोळू नये. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने स्नान करावे, अंग नीट तपासावे. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य किंवा वन खात्याला कळवावे. रानातून आल्यावर आठवडाभरात एकाएकी जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर घरगुती काढ्यांत दिवस न घालवता दवाखाना गाठावा आणि "मी रानात गेलो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या रोगावर नेमके औषध नाही. वेळेवर उपचार हाच आधार.

सर्पदंशाबद्दलही तेच. जखम कापणे, तोंडाने चोखणे, दोरीने करकचून आवळणे, मांत्रिकाकडे नेणे या चारही गोष्टी जीवघेण्या आहेत. माणसाला धीर द्यावा, चालवू नये, दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नये, अंगठी-कडे काढून टाकावे आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात लवकरात लवकर न्यावे. असे रुग्णालय सर्वांत जवळ कोठे आहे, याची चौकशी आदल्या दिवशी करायची, दंश झाल्यावर नव्हे. विसावायला बसण्यापूर्वी झाडावर, कड्याला आग्या मोहोळ नाही ना, हेही पाहावे, आणि त्याच्या आसपास धूर मुळीच करू नये.

चौथी गोष्ट निरोपाची. कोण कोण जाणार, कोणती वाट, परत केव्हा आणि किती वाजेपर्यंत न आल्यास शोध घ्यायचा, हे एका कागदावर लिहून गावातील जबाबदार माणसाकडे द्यावे. ११२ आणि १०८ हे क्रमांक उपयोगाचे आहेत, पण घाटात रेंज नसेल तर क्रमांक काय करणार? अशा वेळी तो कागदच आपला फोन. वनखात्याची परवानगी लागणारी वाट असेल तर ती आधी घ्यावी. भीमगडच्या अभयारण्यात किंवा काळीच्या व्याघ्र प्रकल्पात चोरून शिरणे आणि दूधसागरसाठी रुळांवरून चालणे यांत शौर्य नाही. बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायलाही जागा नसते, आणि रेल्वेच्या कायद्याने तो गुन्हाही आहे.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड आहे. ती पिशवीत भरता येत नाही. ती म्हणजे माघारी फिरण्याची तयारी. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रताल येथे गेलेल्या कर्नाटकातील बावीस जणांच्या तुकडीला उंचावर हिमवादळाने गाठले. त्यांतील नऊ जण परत आले नाहीत. त्यांच्याजवळ साहित्य होते, वाटाडे होते. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्या बातमीने मला एवढेच शिकवले की चांगली तयारी असली तरी हवामान माणसाचे ऐकत नाही. म्हणून निघण्याआधीच ठरवून ठेवावे की अमुक वाजले, ढग दाटले, कुणी एकाने जरी "आता होत नाही" म्हटले, तर शिखर अर्ध्या मैलावर असले तरी सगळ्यांनी मागे फिरायचे. तसे बोलणाऱ्याला कोणी हसायचे नाही. पेरणीला वापसा नसेल तर आपण पाभर घेऊन घरी परततो; त्यात आपल्याला कमीपणा वाटत नाही. डोंगराशीही तसेच वागावे.

कोणी म्हणेल, "फादर, एवढे सगळे करायचे तर मजा कुठे उरली?" माझा अनुभव उलट आहे. त्या वर्षी सड्यावर फुले पाहताना माझे अर्धे चित्त घड्याळाकडे होते. तयारी करून गेलेला माणूस निर्धास्तपणे फुलाजवळ बसतो, धनेशाच्या पंखांचा आवाज ऐकतो, जेवल्यावर झाडाखाली घटकाभर आडवा होतो. मजा निर्धास्तपणात आहे, आणि निर्धास्तपणा तयारीतून येतो.

शिवाय हा केवळ आपल्या जिवाचा प्रश्न नाही. रानातल्या आतल्या वाड्यांतून पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून खांद्यांवरून रस्त्यापर्यंत आणावे लागते. त्या गावकऱ्यांचे खांदे त्यांच्या दुखणाइतांसाठी आहेत. आपल्या बेफिकिरीचे ओझे त्यांच्यावर टाकण्याचा आपल्याला काय हक्क? त्या रात्री जे चार गडी आले, त्यांनाही बायकामुले होती. फुगलेल्या ओढ्यात त्यांच्यापैकी एखाद्याचा पाय सुटला असता, तर त्याच्या घरी जाऊन मी काय सांगणार होतो? तयारीविना डोंगरात शिरणे हे धाडस नव्हे. ती दुसऱ्याच्या जिवावर केलेली उधळपट्टी आहे.

म्हणून माझा निर्णय असा. यंदा आपण जाणार आहोत, परंतु सुगी संपल्यावर, नोव्हेंबरच्या एका शनिवारी, ओढा नसलेल्या वाटेने, सकाळी सात वाजता. शनिवारी सकाळचा मिस्सा सहाला होईल. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपली पिशवी आणि बूट घेऊन सभागृहात यायचे. पिशवी उघडून पाहिली जाईल. ज्याच्याजवळ पाणी, बॅटरी आणि योग्य पादत्राणे नसतील, तो या वर्षी घरी राहील. मग तो युवक संघाचा अध्यक्ष असो की स्वतः मी. वाटेचा कागद त्या दोन मातांपाशी राहील. सायंकाळी चारपर्यंत आम्ही दिसलो नाही, तर माणसे पाठवण्याचा अधिकार त्यांचा.

आणखी एक. पिशव्या तपासायला मी त्याच वयस्कर शेतकरीबाबांना बोलावले आहे. त्यांनी येण्याचे कबूल केले आहे. मात्र त्यांची एक अट आहे. सर्वांत आधी फादरची पिशवी उघडायची.